भांडायचं नाही, एवढंच ठरलं होतं

तंबू टाचणीने स्वतःच्या हाताने शिवला होता, आणि तो इतका नेटका बसला होता की त्यात झोपायची सोय उरली नव्हती.

टाचणी म्हणजे बायकांचे कपडे शिवणारी. उभा जन्म ओठांत टाचण्या धरून काढला म्हणून हे नाव पडलं, आणि ते पाडलं होतं भोंग्याने. भोंगा म्हणजे तिची मैत्रीण. बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून ती सुटणाऱ्या गाड्यांच्या घोषणा करायची. तिला भोंगा का म्हणतात हे तिचं एक वाक्य ऐकलं की कुणालाही कळे, आणि ते ऐकायला जवळ असण्याचीही गरज नसे.

तर तंबू. तो बेतताना टाचणीने जन्मभर केलं तेच केलं. भोंग्याला दुकानातल्या आरशापुढे ताठ उभं केलं, हात अंगालगत ठेवायला सांगितले, टेप फिरवला. मग स्वतःचं माप घेतलं. दोन्हींची बेरीज केली, शिवणीत बोटभर माया सोडली आणि कापडाला कात्री लावली. माणूस झोपेत कूस बदलतो, गुडघे पोटाशी घेतो, हात कुठेही फेकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. येणार कुठून? तिच्या दुकानात आजवर कुणी झोपायला आलं नव्हतं.

प्रवासाच्या पहिल्या संध्याकाळी नदीकाठच्या गवतावर खुंट्या ठोकून दोघी आत शिरल्या तेव्हा एका पाकिटात दोन पत्रं कोंबावीत तशी गत झाली. टाचणीला आपली चूक तत्क्षणी कळली. भोंगा छताकडे बघत म्हणाली, "वा! अगदी अंगासरसा. वा! अगदी अंगासरसा." आणि सकाळी दोघी कपाटातून बाहेर काढलेल्या फळ्यांसारख्या उभ्या राहिल्या.

"झोप लागली ना?" टाचणीने विचारलं.

"छान! तुला?"

"छान."

एवढं धडधडीत खोटं दोघी का बोलल्या, तर त्यांचं ठरलं होतं.

टाचणीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. त्याने घरावर एक खोली चढवली होती आणि तो दर फोनवर विचारायचा, "आई, रंग कुठला देऊ?" रंगाचं उत्तर देणं म्हणजे येण्याचं उत्तर देणं, हे टाचणीला पक्कं कळत होतं. म्हणून ती म्हणायची, "बघते." दुसरीकडे भोंगा. तिने लग्नच केलं नव्हतं. "मी पडले सुटणाऱ्या गाड्यांची घोषणा करणारी, माझ्यापाशी थांबणार कोण?" असं ती स्वतःच खिदळत सांगायची. यंदा स्थानकावर घोषणा करणारं यंत्र आलं आणि भोंगा घरी बसली. तिच्या घरात दोन खोल्या होत्या. एके दिवशी टाचणीच्या दुकानात नवा झगा घालून बघताना ती म्हणाली, "माझ्याकडे राहायला येतेस?" एरवी कुठलीही गोष्ट दोनदा सांगणारी ही बाई, पण हे तिने एकदाच विचारलं, आणि पुन्हा कधी तो विषय स्वतःहून काढला नाही.

टाचणीला यायचं होतं. मुलाकडे जायचं नव्हतं, आणि त्याचं कारण तिला धड सांगता येत नव्हतं, कारण मुलगा सोन्यासारखा होता आणि सूनही. पण भीती वाटत होती. भोंग्याशी तिची मैत्री जुनी खरी, पण कसली? दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी एक कप चहा. त्यापलीकडे ही बाई घरात कशी असते, आजारी पडली की कशी वागते, सकाळी उठल्या उठल्या तिचं तोंड कसं असतं, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. टाचणीच्या दोन आत्या हौसेने एका घरात राहायला गेल्या होत्या आणि शेवटी शेजारणीमार्फत बोलत होत्या. म्हणून भोंग्याने जेव्हा सायकलीने नदीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जायची टूम काढली, तेव्हा टाचणीला वाटलं, बरंच झालं, एकमेकींना पारखून घेऊ. दोघी आयुष्यभर सायकलीनेच कामावर गेलेल्या, पायांची चिंता नव्हती.

"पण एक," टाचणी म्हणाली होती. "वाटेत भांडण झालं तर समजायचं की आपलं जमणार नाही. मग मी मुलाकडे."

"भांडण नाही," भोंगा म्हणाली होती. "ठरलं."

टाचणीने मुलालाही फोनवर ही अट सांगून टाकली होती. आणि म्हणून दोघी इतक्या गोड वागत होत्या की कुणाच्याही दाताला कीड लागावी.

बाकी टाचणीची मजा चालली होती. माणूस बघायचं म्हणजे काय, हे तिला नव्याने कळत होतं. दुकानात ती बाईचा खांदा बघायची, कंबर बघायची. इथे पुढे चाललेली भोंगा दिवसभर नजरेसमोर होती. चढ आला की ती सायकलीशी बोलायची, "चल बाई, चल बाई," आणि उतारावर तिचे आभार मानायची. उकडलेल्या अंड्यातला पिवळा भाग तिला आवडत नसे. तो ती दर सकाळी कुठल्या तरी कुत्र्याला घालायची. मग अंडी घेतेच कशाला, हा प्रश्न टाचणीच्या जिभेवर आला आणि तिने तो गिळला. न जाणो, त्यावरूनच ठिणगी पडायची.

सगळ्यात नवल वेगळंच होतं. गर्दीने फुललेल्या स्थानकाला ज्या बाईच्या आवाजाने जाग यायची, ती बाई एका माणसाला रस्ता विचारायला लाजत होती. फाटा आला की भोंगा सायकलीवरून उतरून चेन तपासायला लागायची. चेनला काही झालेलं नसायचं. पहिल्यांदा टाचणीला वाटलं, दमली असेल. मग लक्षात आलं की काचेमागून बोलायची सवय झालेली ही बाई समोर माणूस आला की गारठते. त्यामुळे जिला बोलायची सवय नाही तिलाच उतरून विचारावं लागे, "दादा, पूल कुठे लागेल?" हा शोध टाचणीला भारी आवडला. माणसाच्या शिवणी उलट्या बाजूने बघायला मिळाव्यात, तसं झालं तिला.

पण भोंग्याचं ते दोनदा बोलणं! "पंक्चर झालंय. पंक्चर झालंय." "पाणी उकळलं. पाणी उकळलं." टाचणी दात आवळून म्हणायची, "हो गं." निदान, आपण म्हणतो असं तिला वाटायचं.

असे दिवस गेले, आणि मग एका सकाळी त्यांना ते दार दिसलं.

रस्त्याच्या कडेला चांगलं दोन मजली घर होतं. वरच्या मजल्याच्या भिंतीत, अगदी मधोमध, एक हिरवं दार. चौकट आहे, कडी आहे, पितळी मूठ आहे. मात्र जिना नाही, सज्जा नाही, काही नाही. उघडून पाऊल टाकलं की माणूस थेट खालच्या कोबीच्या वाफ्यात.

दोघी सायकली धरून उभ्या राहिल्या.

"जिना असणार पूर्वी," टाचणी म्हणाली. "पाडला असेल."

"मला वाटतं सामान चढवायला असेल. कपाटं, पलंग. दोरीने. मला वाटतं सामान चढवायला."

टाचणीला लगेच दिसलं की हे शक्य नाही. वर कप्पी नव्हती, आकडा नव्हता, भिंतीवर घासल्याची खूण नव्हती. भोंग्यालाही बहुधा दिसलं होतं की खाली जिन्याच्या पायाची काही निशाणी नाही. पण टाचणी म्हणाली, "तू म्हणतेस तसंच असेल," आणि भोंगा म्हणाली, "छे, जिनाच असेल." मग दोघी हसल्या आणि पुढे निघाल्या. घरात माणसं होती, कुणीतरी ताट-वाट्या आपटत होतं. विचारलं असतं तर मिनिटाचं काम. पण विचारणार म्हणजे दोघींतली एक चूक ठरणार.

ते दार टाचणीच्या मानेवर बसलं. पेडल मारता मारता तिने त्या भिंतीला नाना प्रकारांनी उसवून पाहिलं. बाहेर उघडतं की आत? झोपेत चालणारं कुणी घरात असेल तर? तिला दर वळणावर मागे फिरावंसं वाटत होतं आणि पुढचं गाव येईपर्यंत तिचा जीव नुसता कासावीस झाला.

त्या गावाच्या वेशीवर एक भिंत बांधायचं काम चाललं होतं. नळ होता. दोघी पाणी भरायला थांबल्या. विटांच्या ढिगावर म्हातारा गवंडी बिडी ओढत बसला होता. टाचणीच्याने राहवेना.

"बाबा, अलीकडच्या रस्त्यावर एक घर आहे. वर हिरवं दार..."

गवंड्याने बिडी खाली केली. "कोबीवालं?"

"तेच."

"ते माझंच काम," तो म्हणाला. "म्हणजे, चूक माझी. नकाशा उलटा धरला मी. दार मागच्या बाजूला जिन्यावर यायचं ते पुढे रस्त्यावर आलं. चौकट बसली तेव्हा कळलं."

"मग बुजवलं का नाही?" टाचणीने विचारलं.

"मालकांनी सांगितलं नाही ना! भारी भिडस्त माणूस. मला वाईट वाटेल म्हणून म्हणाले, छान दिसतंय, राहू द्या, उजेड येईल. वर रंग दिला, मूठ बसवली. एकदा शिव्या घातल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी विटा लावून दिल्या असत्या मी. आता ते मला वाटेत भेटले की दुसरीकडे बघतात आणि मी तिसरीकडे. ताई, त्या रस्त्याने जायचं सोडलंय मी. बहिणीचं घर तिकडे आहे, तरी मोठ्या वळणाने जातो."

भोंगा इतकी हसली की नळ बंद करायचा राहिला. गावाबाहेर पडेपर्यंत ती हसत होती. "काय माणूस तरी! सगळं आयुष्य ते दार बघत काढतोय, पण तोंड उघडत नाही. काय माणूस तरी! सगळं आयुष्य..."

"तू उघडलंस का तोंड?" टाचणी म्हणाली.

भोंग्याने ब्रेक लावला. "मी?"

"तंबू घट्ट झालाय. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. रोज सकाळी तू मला 'छान' म्हणतेस."

"तू मेहनतीने शिवलास म्हणून म्हणते!"

"शिवण्यात चुकले मी! सांगायचं ना!"

"मी सांगायचं? कुणाला सांगायचं? तू ऐकतेस कुठे?" भोंग्याचा आवाज चढला आणि शेतातले बगळे उडाले. "तू एका शब्दाने उत्तर देतेस का कधी? मी दोनदा का बोलते असं वाटतं तुला? हौस आहे?"

"सवय आहे तुझी! यंत्र झालंय तुझं! मला एकदा सांगितलेलं कळतं!"

"मग तसं म्हण ना! तू 'हो' म्हणतेस ते मनातल्या मनात म्हणतेस, बाई! मला कसं ऐकू येणार? काचेच्या खोलीत बसून जन्म गेला माझा, तिकडून कुणी ओ देत नव्हतं. इथे तर मध्ये काचही नाही!"

टाचणीने तोंड उघडलं. "मी म्हणते हो. दर वेळी म्हणते."

"नाही म्हणत. एकदाही नाही. आणि ऐक, मी तुला विचारलं होतं, माझ्याकडे राहायला येतेस का. धीर गोळा करून विचारलं होतं मी. त्यावर तू काय बोललीस, आठवतंय?"

टाचणीला आठवत नव्हतं. आपण 'मला यायचंय' असं म्हणालो, अशी तिची पक्की समजूत होती.

"तू म्हणालीस, 'काखेत काचतंय का?'" भोंगा म्हणाली. "काखेत काचतंय का! मग दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने विचारू?"

मग बाकीचं सगळं बाहेर आलं. अंड्याचा पिवळा भाग आला, चेन तपासायचं सोंग आलं, टाचणी दुसऱ्यांच्या कपड्यांकडे टक लावून बघते ते आलं. एक ट्रॅक्टरवाला थांबून ऐकायला लागला, त्याला दोघींनी मिळून हाकललं. नंतर दोघींना दम लागला आणि त्या वेगवेगळ्या बांधांवर जाऊन बसल्या. तेव्हा टाचणीच्या ध्यानात आलं की भांडण झालं. ठरलेलं मोडलं.

भोंग्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण उरलेला सगळा रस्ता तिने एक अक्षर काढलं नाही. तंबू टाकायची जागा आली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या तिठ्यावरून सकाळची गाडी असते. सायकली टपावर घेतात." फक्त एकदाच म्हणाली.

सूर्य अजून बराच वर होता. टाचणीने तंबू गवतावर पसरला, कात्री काढली आणि बाजूची लांब शिवण उसवायला घेतली. मग स्वतःचा रेनकोट घेतला आणि पाठीतून उभा कापला.

"काय करतेस?" भोंगा म्हणाली. "उद्या परत जायचंय आपल्याला."

"चुकलेलं काम मी गिऱ्हाइकाला देत नाही."

"मी गिऱ्हाईक आहे तुझी?"

टाचणी ओठांत टाचण्या धरायला निघाली होती. तिने त्या काढून गवतात खोचल्या. "नाही," ती मोठ्याने म्हणाली. "पड. झोपतेस तशी पड, मला माप घ्यायचंय."

भोंगा कुरकुरत पडली. आधी ताठ, आरशापुढे उभी राहिल्यासारखी. "तशी नाही," टाचणी म्हणाली, "खरी." मग हळूहळू भोंग्याचे गुडघे वर आले, पाठ वाकली, हनुवटी छातीशी आली, आणि एवढ्या मोठ्या आवाजाची बाई लहान पोरीएवढी झाली. एक हात मात्र बाहेर पसरला, तळवा उघडा. टाचणी टेप घेऊन बघत राहिली. आजवरच्या सगळ्या रात्री हा हात भोंग्याने स्वतःच्या अंगाखाली दाबून ठेवला होता. टाचणीला स्वतःचा राग आला आणि भोंग्याचाही आला, आणि त्या दोन रागांखाली तिला इतकं भरून आलं की तिने माप तीनदा घेतलं. मग ती उजेड संपेपर्यंत त्या हाताला जागा होईल एवढी रेनकोटच्या कापडाची जोडपट्टी, म्हणजे कळी, शिवत बसली. बरोबर तिरकी, दोन्ही टोकांना निमुळती.

सकाळी फोन आला. टाचणी स्टोव्ह पेटवत होती, भोंगा सायकलीच्या चाकात हवा भरत होती.

"आई, रंगारी आलाय," मुलगा म्हणाला. "काय ठरलं तुमचं? भांडलात की नाही?"

"भांडलो," टाचणी म्हणाली. "कडाकडा भांडलो."

भोंग्याचा पंप थांबला.

"अरेरे," मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही होता. "मग काय, येतेस ना? रंग सांग."

टाचणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. 'बघते' हा शब्द जिभेवर तयार होता. तिला मुलाचं घर दिसलं. सून चहा आणून देतेय, 'आई, तुम्ही बसा' म्हणतेय. चहात साखर जास्त पडलीय आणि आपण 'छान झालाय' म्हणतोय. रोज, आणि पुढेही रोज.

"बाळा, मी नाही येत," ती म्हणाली.

"अगं, पण तुमचं तर ठरलं होतं, भांडण झालं तर..."

"ते ठरवण्यात चूक झाली माझी. तुझ्या घरी मला कुणी एक शब्द वेडावाकडा बोलणार नाही. तू नाही, तुझी बायको नाही. मीही तुम्हाला बोलणार नाही. तुम्ही दोघं इतके चांगले आहात, आणि मला त्याचीच भीती वाटते. काल माझ्यावर कुणीतरी ओरडलं, बाळा, आणि मी ओरडले. किती वर्षांत ओरडले नव्हते मी. तुझे वडील असतानासुद्धा नाही. मला भोंग्याबरोबर राहायचंय. खोलीला तुला आवडेल तो रंग दे. मी येईन, राहीन चार दिवस, पण पाहुणी म्हणून."

मुलगा म्हणाला, "आई, तू एका दमात एवढं कधी बोलली होतीस?"

"आत्ताच," टाचणी म्हणाली आणि फोन ठेवला. चहा उतू गेला होता.

भोंगा पंप हातात धरून उभी होती. "मला विचारलंस?" ती म्हणाली. "परस्पर सांगून मोकळी. माझी अजून तयारी आहे का, हे मला विचारलंस?"

"नाही विचारलं. आता विचारते. आहे का?"

"मला राग आलाय अजून."

"येऊ दे."

"तो जायला वेळ लागेल."

"लागू दे. उत्तर दे."

भोंग्याने पंप पिशवीत टाकला, तंबूची वळकटी कॅरिअरला बांधली आणि ती निघाली. टाचणी उरलेला चहा तसाच ओतून देऊन मागोमाग निघाली. वाटभर टाचणी पुढच्या पाठीकडे बघत होती आणि तिला त्या पाठीवरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

तिठा आला. पत्र्याच्या छपराखाली दोन माणसं बोचकी घेऊन बसली होती आणि दूर रस्त्यावर गाडीची धूळ दिसत होती. टाचणीने ब्रेक लावला, एक पाय खाली टेकवला.

भोंगा थांबली नाही. ती समुद्राकडच्या रस्त्याला वळली, थोडी पुढे गेली आणि मान मागे वळवून एवढ्या मोठ्याने ओरडली की छपराखालची माणसं उठून उभी राहिली.

"तिथे काय उभी राहिलीस? ऊन चढतंय!"

"आले," टाचणी ओरडली.